विश्लेषण : किल्ली घरात, मोटार गायब! ‘कीलेस’ गाड्यांची चोरी कशी होते, ती रोखता येते का?

ब्रिटनच्या संसदेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडण्यात आलेल्या ‘क्राइम अँड पोलिसिंग’ विधेयकातील एक तरतूद थेट मोटारमालकांशी संबंधित होती. मोटारी चोरण्यासाठी वापरली जाणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाळगणे, तयार करणे, आयात करणे किंवा विकणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवावा आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असावी, असे त्यात सुचवण्यात आले. ब्रिटिश सरकारने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ४० टक्के, तर लंडनमधील सुमारे ६० टक्के वाहनचोऱ्यांत अशी उपकरणे वापरली जातात. बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारी आता भारतातही मध्यम किमतीच्या गटात सर्रास मिळू लागल्या आहेत. त्यामुळे या चोऱ्यांमागचे विज्ञान काय, कंपन्या आणि सरकारे त्यावर काय करत आहेत आणि सामान्य मोटारमालकाला काय करता येईल, हे समजून घेणे गरजेचे आहे.

‘कीलेस’ यंत्रणा चालते कशी?

‘कीलेस’ म्हणजे किल्ली नसलेली गाडी नव्हे. किल्ली खिशातून बाहेर न काढता उघडणारी आणि सुरू होणारी गाडी. दाराच्या मुठीला हात लावताच किंवा त्यावरचे बटण दाबताच मोटार आपल्या अँटेनातून एक क्षीण रेडिओ संदेश सोडते. या संदेशाची कंप्रता साधारण १२५ किलोहर्ट्झ असते आणि तो जेमतेम एक-दोन मीटरपर्यंतच पोहोचतो. तेवढ्या अंतरात किल्ली असेल तर ती जागी होते आणि उत्तर पाठवते. हे उत्तर मात्र बऱ्याच वरच्या कंप्रतेवर जाते. युरोप आणि भारतात ४३३ मेगाहर्ट्झ, तर अमेरिका आणि जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास. त्याचा पल्ला काही दहा मीटर असू शकतो.

या संवादात मोटार प्रत्येक वेळी नवा आकडा पाठवते. किल्ली स्वतःजवळच्या गुप्त संकेताचा वापर करून त्या आकड्याचे उत्तर काढते. मोटारही तेच गणित करते आणि दोन्ही उत्तरे जुळली तर दार उघडते. मोटारीत बसून ‘स्टार्ट’ बटण दाबल्यावर असाच संवाद पुन्हा होतो आणि ‘इमोबिलायझर’ नावाचा इलेक्ट्रॉनिक अडसर इंजिनाला परवानगी देतो. आकडा दर वेळी बदलत असल्याने कोणी हा संवाद टिपून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाजवून उपयोग होत नाही. ऐकायला ही व्यवस्था भक्कम वाटते आणि गणिताच्या अंगाने ती बऱ्याच अंशी तशी आहेही. तिची खरी दुबळी बाजू गणिताबाहेर आहे.

‘रिले’ चोरी म्हणजे काय?

इंग्लंडमधील वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये सोलिहल भागातील एका घरासमोरचे सीसीटीव्ही चित्रण प्रसिद्ध केले. त्यात दोन चोर दिसतात. एक जण हातातले खोक्यासारखे उपकरण घराच्या दारा-भिंतीजवळ फिरवतो, दुसरा तसेच उपकरण घेऊन मर्सिडीजपाशी उभा राहतो. मिनिटभरात गाडी सुरू होऊन निघून जाते. काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही. किल्ली त्या वेळी घरातच असते.

येथे घडते ते असे : मोटारीजवळच्या चोराचे उपकरण मोटारीचा ‘किल्ली आहे का?’ हा क्षीण प्रश्न पकडते आणि साथीदाराच्या उपकरणाकडे पाठवते. ते उपकरण तोच प्रश्न घराच्या भिंतीपलीकडे, दाराजवळच्या खुंटीवर किंवा टेबलावर पडलेल्या किल्लीला ऐकवते. किल्लीला वाटते, मोटार शेजारीच आहे. ती इमानेइतबारे उत्तर देते. ते उत्तर उलट वाटेने मोटारीपर्यंत पोहोचते आणि मोटारीला वाटते, मालक दाराशी उभा आहे. निरोप्याला निरोपाचा अर्थ कळावा लागत नाही, तो फक्त पोहोचवावा लागतो. चोराने कोणताही गुप्त संकेत फोडलेला नसतो. खऱ्या किल्लीचे खरे उत्तरच त्याने वाहून नेलेले असते.

एकदा इंजिन सुरू झाले की किल्ली दूर राहिली तरी बहुतेक मोटारी बंद पडत नाहीत. धावत्या गाडीत किल्लीची बॅटरी संपली म्हणून इंजिन मध्येच थांबणे जिवावर बेतू शकते. म्हणून ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे. चोराला तेवढी पुरते. तो गाडी न थांबवता ठिकाणावर नेतो आणि तेथे तिच्यात नवी किल्ली नोंदवून घेतो.

हा धोका आधी माहीत नव्हता का?

माहीत होता. झुरिचच्या ‘ईटीएच’ या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्येच ८ कंपन्यांच्या १० मॉडेलांवर ‘रिले’चा प्रयोग केला होता आणि दहाही गाड्या त्याला बळी पडल्या होत्या. जर्मनीतील ‘एडीएसी’ या मोटारचालकांच्या बलाढ्य संघटनेने २०१६ मध्ये १९ कंपन्यांच्या २४ गाड्या याच पद्धतीने उघडून आणि चालवून दाखवल्या. त्यानंतर या संघटनेने शेकडो मॉडेले तपासली. त्यांतील मोठा हिस्सा असुरक्षितच निघाला.

मूळ अडचण अंतराची आहे. मोटार किल्लीला ‘तू कोण?’ हे विचारते, पण ‘तू किती लांब आहेस?’ हे मोजत नाही. आपला क्षीण संदेश ऐकू आला म्हणजे किल्ली जवळच असणार, असे ती गृहीत धरते. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. चोरांनी संदेश ५० मीटर लांबून फिरवून आणला तर जाण्यायेण्यात फक्त तिसऱ्या हिश्शाच्या मायक्रोसेकंदाचा उशीर होतो. जुन्या यंत्रणा उत्तरासाठी याहून कितीतरी अधिक वेळ थांबायला तयार असतात. किल्लीतल्या छोट्या चिपलाही गणित करायला अवधी लागतोच. एका मिलिसेकंदात लहर ३०० किलोमीटर जाते, हे लक्षात घेतले तर असा सैल हिशेब ठेवणाऱ्या मोटारीला अंगणातली किल्ली आणि शेजारच्या इमारतीतली किल्ली यांत फरक का कळत नाही, हे उमगते. सांकेतिक गणित कितीही कठीण केले तरी या फसवणुकीवर त्याचा काही परिणाम होत नाही.

संकेतच फोडल्याची उदाहरणे आहेत?

आहेत आणि त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समधील तीन संशोधकांनी ‘मेगामॉस’ या इमोबिलायझर चिपमधील दोष शोधून काढले होते. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध होणार होता. फोक्सवॅगनने लंडनच्या उच्च न्यायालयातून त्यावर मनाई हुकूम आणला. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून तो निबंध प्रसिद्ध झाला. या चिपवर विसंबलेल्या गाड्यांच्या मालकांना मधल्या काळात या दोषांचा तपशील कळण्याचा मार्ग नव्हता.

बेल्जियममधील ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये टेस्ला ‘मॉडेल एस’ची किल्ली काही सेकंदांत नकलता येते, हे दाखवले. त्या किल्लीतील संकेत फक्त ४० बिटांचा होता. आजच्या संगणकांपुढे तो फारच तोकडा ठरतो. टेस्लाने किल्लीची सुधारित आवृत्ती आणली आणि गाडी सुरू करण्यापूर्वी पडद्यावर चार आकडी ‘पिन’ टाकण्याची सोय दिली. ही सोय साधी असली तरी महत्त्वाची आहे. किल्लीची नक्कल झाली, संदेश फिरवून आणला, तरी मालकाच्या डोक्यातला आकडा हवेतून पकडता येत नाही.

रिमोटचे बटण दाबण्याच्या क्षणी संदेश अडवून ठेवण्याचीही एक पद्धत आहे. अमेरिकी संशोधक सॅमी कामकार यांनी २०१५ मध्ये ‘रोलजॅम’ हे छोटेखानी उपकरण दाखवले. मालकाने बटण दाबले की ते संदेश गाडीपर्यंत पोहोचू देत नाही, पण स्वतःजवळ साठवते. मालक पुन्हा बटण दाबतो. तेव्हा उपकरण पहिला संदेश गाडीला देते आणि दुसरा, न वापरलेला संदेश चोरासाठी राखून ठेवते. याहून कमी श्रमाची चोरी म्हणजे ‘लॉक’चा संदेश नुसता अडवणे. मालक बटण दाबून मागे न पाहता निघून जातो आणि गाडी उघडीच राहते.

हेडलाइटच्या तारेतून गाडी कशी सुरू होते?

‘रिले’ची चर्चा वाढली तसे लोक किल्ल्या धातूच्या डब्यात ठेवू लागले. चोरांनी मग किल्लीला वगळणारी वाट काढली. लंडनमध्ये राहणारे मोटार सायबरसुरक्षा संशोधक इयान टेबर यांच्या टोयोटा ‘आरएव्ही ४’चा पुढचा बंपर २०२२ मध्ये कोणीतरी उचकटला होता आणि हेडलाइटची जोडणी सुटलेली होती. सुरुवातीला हा नुसता उपद्रव वाटला. त्या जुलैत गाडीच चोरीला गेली. टेबर यांनी गाडीने आपोआप नोंदवलेल्या बिघाडांची माहिती तपासली, चोरांच्या बाजारात विकले जाणारे तसे उपकरण मिळवले आणि सहकारी तज्ज्ञ केन टिंडेल यांच्यासह त्याची उकल केली. टिंडेल यांनी एप्रिल २०२३ मध्ये ती जाहीर केली.

आधुनिक मोटारीत डझनावारी छोटे संगणक असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, दारांचा एक, दिव्यांचा एक. त्यांना जोडणारी ‘कॅन बस’ नावाची सामाईक तारजोडणी बॉश कंपनीने १९८०च्या दशकात विकसित केली. १९८६ मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा मोटारीबाहेरचा कोणी तिच्यात शिरेल, अशी कल्पनाही नव्हती. त्यामुळे या तारेवर आलेला संदेश कोणी पाठवला, याची खातरजमा करण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. चावडीवर कोणीही उभे राहून दवंडी पिटावी आणि सगळ्यांनी ती खरी मानावी, तसा हा प्रकार. हेडलाइटपर्यंत येणारी तार बंपरच्या आडून सापडते. चोर तिला उपकरण जोडतो आणि ‘किल्ली अधिकृत आहे, दार उघडा, इंजिनाला परवानगी द्या’ असे खोटे संदेश त्यावर सोडतो. टेबर आणि टिंडेल यांनी तपासलेले उपकरण ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले होते. आतल्या सुट्या भागांची किंमत दहा डॉलरच्या आसपास, मात्र अशी उपकरणे पाच हजार युरोपर्यंत विकली जात होती. यॉर्कशायरमध्ये पकडलेल्या एका टोळीकडे ‘गेम बॉय’ या खेळण्यासारखे दिसणारे २० हजार पौंडांचे उपकरण सापडले होते. या किमतींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. चोराला स्वतः तंत्रज्ञ असण्याची आता गरज नाही. ज्ञान एकाचे, उपकरण दुसऱ्याचे आणि हात तिसऱ्याचे, अशी ही साखळी आहे.

तिसरी वाट ‘ओबीडी’ पोर्टची. स्टीअरिंगखालच्या या खाचेत गॅरेजवाला संगणक जोडून बिघाड तपासतो. हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी किल्ली नोंदवायलाही हीच खाच उपयोगी पडते. काच फोडून किंवा दार उघडून आत शिरलेला चोर योग्य टॅब्लेट जोडून काही मिनिटांत आपली कोरी किल्ली गाडीच्या ‘ओळखीची’ करून घेतो.

मग इलेक्ट्रॉनिक कुलपे आणून चूक झाली का?

तसे म्हणता येणार नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा केला. डच अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासानुसार त्यामुळे १९९५ ते २००८ या काळात मोटारचोरीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उलट उदाहरण अमेरिकेचे. तेथे ही सक्ती नाही. २०१५ मधील ह्युंदाई आणि किया गाड्यांपैकी फक्त २६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता. इतर कंपन्यांत हेच प्रमाण ९६ टक्के होते. समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून किशोरवयीन मुलांनी साध्या यूएसबी केबलच्या टोकाने या गाड्या सुरू करण्याचा सपाटा लावला. अखेर २०२३ मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती द्यावी लागली. मात्र त्या गाड्यांना बटण नव्हे, तर फिरवायची जुनी किल्ली होती.

याचा अर्थ असा की, इलेक्ट्रॉनिक कुलपाने फुटकळ चोर दूर ठेवला. पण ‘कीलेस’ सोयीने त्या कुलपाची किल्ली अहोरात्र उत्तर द्यायला तयार ठेवली. संघटित टोळीला नेमके हेच हवे होते. कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा आहे, तरी २०२३ मध्ये तेथील मोटारचोरीच्या विमा दाव्यांची रक्कम प्रथमच दीड अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली. चोरलेल्या अनेक गाड्या कंटेनरमध्ये भरून माँट्रियल बंदरातून परदेशी पाठवल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावात यासाठी राष्ट्रीय परिषद बोलवावी लागली.

कंपन्यांकडे उपाय आहेत का?

पहिला उपाय स्वस्त आहे. किल्लीत हालचाल ओळखणारा संवेदक बसवायचा. किल्ली टेबलावर स्थिर पडली की ती झोपी जाते आणि कोणत्याही हाकेला उत्तर देत नाही. फोर्डने २०१९ मध्ये युरोपातील ‘फिएस्टा’ आणि ‘फोकस’साठी ४० सेकंदांनी झोपणारी अशी किल्ली आणली. रात्री घरातल्या किल्लीवर होणारा ‘रिले’ हल्ला यामुळे थांबतो. मालक किल्ली खिशात घेऊन बाजारात फिरत असेल, तर मात्र ती जागीच असते.

दुसरा उपाय मुळावर घाव घालणारा आहे. ‘अल्ट्रा-वाइडबँड’ या तंत्रात अत्यंत अल्पकाळाचे स्पंद वापरून लहरीला जाऊन यायला लागलेला वेळ मोजतात आणि त्यावरून किल्लीचे खरे अंतर ठरवतात. संदेश लांबून फिरवून आणला की वेळ वाढतो आणि मोटार नकार देते. लंडनमध्ये विमा कंपन्या ‘रेंज रोव्हर’चा विमा उतरवायला कचरू लागल्यावर जग्वार लँड रोव्हरने २०२३ मध्ये जुन्या गाड्यांच्या सुरक्षा-सुधारणेसाठी एक कोटी पौंड बाजूला काढले. या कंपनीच्या नव्या गाड्यांत ‘अल्ट्रा-वाइडबँड’ वापरले जाते. मात्र चिप बसवली म्हणजे काम झाले, असे नाही. एका चिनी संशोधन गटाने २०२४ मध्ये दाखवले की, ‘अल्ट्रा-वाइडबँड’ असलेल्या टेस्ला ‘मॉडेल ३’मध्ये अंतराची ती मोजणी दार उघडण्याच्या निर्णयासाठी वापरलीच जात नव्हती. त्यामुळे ब्लूटूथवरून ‘रिले’ चोरी तरीही शक्य होती.

तिसरा उपाय मोटारीच्या आतल्या तारांवरील संदेशांना सही-शिक्का देण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर १५५’ या नियमानुसार युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीसाठी कंपनीकडे सायबरसुरक्षेची व्यवस्था असणे सक्तीचे झाले. पोर्शने पेट्रोलवरील ‘मकान’ची युरोपीय संघातील विक्री याच नियमामुळे थांबवली. जुन्या इलेक्ट्रॉनिक रचनेत हे बदल करणे परवडणारे नव्हते. याच धर्तीवर भारतासाठी ‘एआयएस-१८९’ हे मानक तयार झाले आहे. मात्र असे कोणतेही मानक आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांना लागू होत नाही आणि मोटार तर दहा-पंधरा वर्षे वापरली जाते.

उपकरणांवर बंदीने काय साधेल?

यापूर्वी ब्रिटिश पोलिसांना सापडलेले उपकरण ठरावीक चोरीत वापरले गेले, हे सिद्ध करावे लागत असे. नव्या तरतुदीचा रोख ते उपकरण कायदेशीर कामासाठीच आहे, हे बाळगणाऱ्याने दाखवून देण्यावर आहे. पाठलाग करण्यापेक्षा पुरवठा तोडण्याचा हा विचार योग्यच म्हणावा लागेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रान्स, स्पेन आणि लॅटव्हिया या तीन देशांच्या पोलिसांनी ३१ जणांना पकडले, तेव्हा त्यांत चोरांबरोबर सॉफ्टवेअर तयार करणारे आणि ते विकणारेही होते. ‘वाहन-तपासणीचे साधन’ म्हणून ते विकले जात होते.

मात्र बंदीची नजर चुकीच्या ठिकाणी जाण्याचा धोका असतो. कॅनडाच्या सरकारने २०२४ मध्ये ‘फ्लिपर झिरो’ या हौशी तंत्रज्ञांच्या छोट्या उपकरणावर बंदीची घोषणा केली. ते ‘कीलेस’ मोटारीवर ‘रिले’ हल्ला करू शकत नाही, असे तज्ज्ञांनी लगेच निदर्शनास आणले आणि सरकारला पवित्रा सौम्य करावा लागला. दोष शोधणाऱ्या संशोधकाच्या हातातली साधने काढून घेतली तर ‘मेगामॉस’ प्रकरणाची पुनरावृत्ती होईल.

भारतात काय चित्र आहे?

दिल्ली पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडलेल्या अनेक टोळ्यांकडे किल्ली नोंदवणारे टॅब्लेट, कोऱ्या रिमोट किल्ल्या आणि बनावट नंबरप्लेट सापडल्या आहेत. भर एसयूव्ही गाड्यांवर दिसतो. म्हणजे येथे ‘ओबीडी’ची वाट अधिक वापरात आहे. ती ‘कीलेस’ नसलेल्या गाड्यांनाही लागू पडते. महाराष्ट्रात सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नोंदणी पाटी चोरलेल्या गाडीला खोटी ओळख देणे अवघड करते, गाडी चोरण्याला अटकाव करत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’चे तारे अपघातातील सुरक्षितता सांगतात. गाडी चोरीपासून किती सुरक्षित, याची अशी तारांकित माहिती येथील ग्राहकाला मिळत नाही. ब्रिटनमधील ‘थॅचम रिसर्च’ने २०१९ मध्ये ११ नव्या गाड्यांची या निकषावर जाहीर वर्गवारी केली, तेव्हा सहा गाड्यांना ‘कमकुवत’ हा शेरा मिळाला होता. अशा जाहीर शेऱ्यांचा कंपन्यांवर होणारा परिणाम कायद्याहून वेगवान असू शकतो.

मोटारमालकाने काय करावे?

* किल्ली दार-खिडकीपासून दूर ठेवावी आणि शक्यतो धातूचे अस्तर असलेल्या पाकिटात, ज्याला ‘फॅराडे पाउच’ म्हणतात, त्यात ठेवावी. दोन्ही किल्ल्या. कपाटात पडलेली जास्तीची किल्लीही तितकीच बोलकी असते.

* पाकीट खरेच काम करते का, हे तपासणे सोपे आहे. किल्ली त्यात घालून गाडीजवळ जावे आणि दाराची मूठ ओढावी. दार उघडले तर पाकीट निरुपयोगी. वापराने अस्तर विरते, म्हणून ही चाचणी अधूनमधून करावी. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल १२५ किलोहर्ट्झच्या हाकेला फारशी अडवत नाही, कारण त्या लहरीच्या मानाने ती फारच पातळ आहे. ४३३ मेगाहर्ट्झचे उत्तर मात्र ती रोखते. पण एक फट राहिली की उत्तर निसटते. किल्ली मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो धोक्याचा आहे. कोणी चुकून मायक्रोवेव्ह सुरू केला तर किल्ली जळेल आणि आगही लागू शकते.

* गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘कीलेस’ सोय बंद करण्याची पद्धत दिलेली असते का, ते पाहावे. अनेक मॉडेलांत पडद्यावरील सेटिंगमधून किंवा किल्लीची बटणे ठरावीक क्रमाने दाबून ती बंद करता येते. रिमोटचे बटण दाबायचा कंटाळा सोडला तर त्यात तोटा काही नाही. ‘पिन’ची सोय असेल तर ती सुरू करावी.

* जाडजूड स्टीअरिंग लॉक किंवा गिअर लॉक लावावे. रेडिओ लहरींनी लोखंड कापले जात नाही आणि कापायला लागणारा वेळ व आवाज चोराला नको असतो. ‘कॅन’ तारेतून होणाऱ्या चोरीवर फॅराडे पाउचचा काहीच उपयोग नाही. तेथे हेच लोखंड कामी येते. ‘ओबीडी’ खाचेवर बसणारे कुलूपही मिळते.

* लपवलेला जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, पण गाडी परत मिळण्याची शक्यता वाढवतो. ट्रॅकरवर गाडी दिसली तर स्वतः जाऊ नये. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

* ‘लॉक’ केल्यावर दार ओढून पाहावे. बंपर सैल झालेला, चाकावरचे प्लास्टिक उचकटलेले किंवा हेडलाइट अचानक बंद पडलेला दिसला तर त्याकडे किरकोळ नुकसान म्हणून दुर्लक्ष करू नये.

* जुनी गाडी घेताना अधिकृत सेवा केंद्रात आधीच्या सर्व किल्ल्यांची नोंद पुसून फक्त आपल्या हातातल्या किल्ल्या पुन्हा नोंदवून घ्याव्यात. मोबाइल अॅपमधून गाडी उघडत असेल तर आधीच्या मालकाचे खाते काढून टाकावे.

* बाहेरच्या दुकानातून बटण-स्टार्टचे ‘किट’ बसवताना मूळ इमोबिलायझरला वळसा घातला जात नाही ना, हे विचारावे. सोयीसाठी पैसे मोजून गाडीतला सर्वांत उपयोगी अडसर काढून टाकल्यासारखे होते. वायरिंगला हात लागल्याने वॉरंटीही जाऊ शकते.

विम्याचे काय?

चोरीचा धोका सर्वंकष विम्यात येतो, केवळ ‘थर्ड पार्टी’ विम्यात नाही. भरपाईही गाडीच्या घोषित मूल्याइतकीच, म्हणजे ‘आयडीव्ही’एवढी मिळते. खरेदीची पूर्ण रक्कम हवी असेल तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोडसंरक्षण घ्यावे लागते. दावा करताना कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. पोलिसांना गाडी सापडली नाही तर तसा अहवाल, महाराष्ट्रात ज्याला ‘अ समरी’ म्हणतात, तो जोडावा लागतो.

‘कीलेस’ चोरीत मालकापुढचा पेच येथेच सुरू होतो. दोन्ही किल्ल्या त्याच्याजवळ आहेत, काचेचा तुकडा जागेवर नाही, मग गाडी गेली कशी, असा प्रश्न त्यालाच विचारला जातो. गाडीच्या जागेचे सीसीटीव्ही चित्रण, अॅपमधील दार उघडल्याच्या वेळेची नोंद, ट्रॅकरचा माग हे सारे पहिल्याच दिवशी जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. गुन्हा तातडीने नोंदवणे हे त्याहून महत्त्वाचे. एका ट्रॅक्टरचोरीच्या प्रकरणात विमा कंपनीला ५२ दिवस उशिरा कळवण्यात आले होते, पण पोलिसांत तक्रार त्याच दिवशी झाली होती. केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. पुण्याच्या ‘एआरएआय’ने मान्यता दिलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास विमा हप्त्यातील स्वतःच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, अशी सवलत पूर्वापार चालत आली आहे. लाखोंच्या गाडीसाठी ही सवलत नगण्य आहे. तिच्यामुळे कोणी सुरक्षेवर खर्च करेल, अशी शक्यता कमीच.

खर्च कोणी सोसायचा?

२०११ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेला दोष २०१७ मध्ये सोलिहलच्या सीसीटीव्हीत दिसला आणि २०२५ मध्ये कायद्याच्या मसुद्यात आला. या काळात पाउच, लोखंडी लॉक, ट्रॅकर आणि वाढलेला विमा हप्ता यांचा खर्च मालकांनी सोसला. हालचाल ओळखून झोपणारी किल्ली ही काही महागडी वस्तू नव्हे. तिच्यासाठी ग्राहकाने मागणी करायला हवी. शोरूममध्ये सनरूफ आणि पडद्याच्या आकाराबरोबर तीन प्रश्न विचारता येतात. किल्ली स्थिर ठेवल्यावर झोपते का, मोटार किल्लीचे अंतर मोजते का आणि ‘कीलेस’ सोय बंद करता येते का? विक्रेत्याला यांची उत्तरे देता आली नाहीत, तर ती कंपनीकडून लेखी मागवावीत. हे प्रश्न पुरेशा ग्राहकांनी विचारले, तर त्यांची उत्तरे माहितीपत्रकात छापणे कंपन्यांना भाग पडेल.